सिंथवर सनई पेटीसारखी का वाजते?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, २५ पट्ट्यांचा छोटा मिडी कीबोर्ड आहे, दोन-तीन फुकटचे सॉफ्टवेअर सिंथ (लॅपटॉपवर आवाज बनवणारी वाद्यं) टाकलेत, प्रीसेट म्हणजे तयार आवाज हजारभर आहेत, पण गणपतीत बँजो पार्टीत वाजवायला सनईसारखा लीड, म्हणजे मुख्य चाल वाजवणारा आवाज, पाहिजे तो काही सापडत नाही. जो सापडला तो ऐकून बुवा म्हणाले "ह्यां पेटीसारख्यां वाजता". नॉब फिरवले की आवाज बदलतो पण कशानं काय बदललं ते कळत नाही, आणि घरी हेडफोनवर दणदणीत वाटलेला आवाज मिरवणुकीच्या टेम्पोवर चढला की गायब. शिवाय एफएम आणि वेव्हटेबल म्हणजे काय तेही विचारलंयस.

मी कुडाळ-मालवण पट्ट्यात वीस-बावीस वर्षं कीबोर्ड वाजवतोय, भजनी मंडळांची रेकॉर्डिंग करतो, नाटकांना पार्श्वसंगीत देतो आणि सीझनला बँजो पार्टी असतेच, त्यामुळे तू जिथे अडकलायस तिथे मी पण बरीच वर्षं अडकून होतो. तुझे बुवा बरोबर बोलले. सिंथवर नॉब कुठे ठेवलाय यातून आवाज अर्धाच बनतो, उरलेला अर्धा तो नॉब वाजता वाजता कधी आणि किती वेगानं हलतो त्यात असतो, आणि प्रीसेट चाळत बसलं की हा दुसरा अर्धा कधी हाताला लागतच नाही.

तर सनई आत्ता बाजूला ठेव. पहिल्यांदा गाज बनव. होय, समुद्राची गाज.

आमच्या गावच्या नाटकात एका प्रवेशाला मागे समुद्र पाहिजे होता. किनाऱ्यावर जाऊन रेकॉर्ड करायचा प्रयत्न केला पण वारा माईकमध्ये इतका भरला की नुसती फडफड, मग म्हटलं सिंथवरच करू. सिंथमध्ये नॉइज नावाचा एक सोर्स असतो, त्यातला व्हाइट नॉइज म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सी एकत्र, टीव्हीला सिग्नल नसताना यायचा तसा खरखराट. त्याच्यापुढे लो-पास फिल्टर लावला, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरचं कापून खालचं सोडणारा, आणि तो कापण्याचा बिंदू, कटऑफ म्हणतात त्याला, एका एलएफओला जोडून वरखाली हलवला. एलएफओ म्हणजे पण ऑसिलेटरच (लहर बनवणारा भाग), फक्त इतका संथ की तो स्वतः ऐकू येत नाही, दुसऱ्या कशाला तरी हलवायला वापरायचा. वेग ठेवला ०.१ हर्ट्झ म्हणजे दहा सेकंदाला एक लाट. मी खूश. देवळाच्या सभामंडपात तालमीला लावला तर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढण्यात आयुष्य गेलेले एक म्हातारे बसले होते ते दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "ह्यो दर्यो खंयचो रे? घड्याळातलो?"

मी आधी हसलो आणि मग दुसऱ्या दिवशी खरंच किनाऱ्यावर जाऊन बसलो, मोबाईल खिशात ठेवून नुसतं ऐकत. लाट फुटते तेव्हा खाली धप्प असा जड आवाज, तो लगेच येतो आणि लगेच जातो. मग फेस पसरतो त्याची सळसळ, ती वरच्या फ्रिक्वेन्सीत, थोडी उशिरा सुरू होते आणि हळूहळू विरते. मग पाणी मागे जाताना वाळू नि शिंपल्यांचा चुरा ओढत नेतं त्याचा तिसराच बारीक आवाज. आणि कुठल्याही दोन लाटांमधलं अंतर सारखं नसतं, मोठी लाट आली की पुढच्या दोन लहान. माझ्या एलएफओत यातलं काहीच नव्हतं, तो सारखा वर आणि सारखा खाली, पंप चालवल्यासारखा.

मग पॅच, म्हणजे सिंथवरची सगळी मांडणी, असा झाला. नॉइजचे दोन थर, एकाला लो-पास साधारण ४०० हर्ट्झला, दुसऱ्याला हाय-पास (लो-पासच्या उलट, खालचं कापणारा) साधारण ३ किलोहर्ट्झला. दोघांना वेगवेगळे एन्व्हेलप, म्हणजे पट्टी दाबल्यावर आवाज कसा चढेल नि उतरेल ते ठरवणारे, पहिला पाऊण सेकंदात चढतो आणि दोन सेकंदात उतरतो, दुसरा सावकाश चढतो आणि सहा-सात सेकंद उतरत राहतो. एलएफओ ठेवला पण साइन (सारखी वरखाली होणारी लहर) नाही, रँडम ठेवला, त्याची पायरी गुळगुळीत करून, म्हणजे दर लाटेला कटऑफ थोडा वेगळ्या जागी. आणि पट्टी हातानंच दाबायची, मन मानेल तशी, कधी सात सेकंदांनी कधी बारा. म्हातारे यावेळी काही बोलले नाहीत, म्हणजे जमलं असावं.

हे तू आज रात्री कर. यात सूर नाही, ताल नाही, त्यामुळे लक्ष विचलित होत नाही, आणि सिंथ म्हणजे काय ते सगळं यात आलंय: कच्चा आवाज, तो कापणारा फिल्टर, आणि या दोघांना वेळेप्रमाणे हलवणारे एन्व्हेलप नि एलएफओ. बाकी सगळे मेनू याच्याच शाखा आहेत. सर्ज एक्सटी नावाचा सिंथ घे, तो फुकट आहे आणि २०१८ पासून ओपन सोर्स आहे, किंवा व्हायटलची फुकटवाली आवृत्ती घे, आणि कोरा पॅच उघड. सर्जमध्ये इनिट नावाचे पॅच मिळतात, व्हायटलमध्ये मेनूत प्रीसेट इनिशियलाइझ करायचा पर्याय आहे. हजार प्रीसेट आहेत ते राहू देत, त्यांनी काही बिघडत नाही, फक्त पंधरा दिवस त्या फोल्डरमध्ये जायचं नाही.

आता सुराचा कच्चा माल. पेटीवर एक सा धरलास तर तो एक सूर नसतो रे, त्याच्यावर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा फ्रिक्वेन्सी बसलेल्या असतात, त्यांना हार्मोनिक म्हणायचं, आणि त्यांचं प्रमाण काय यावर आवाजाची जात ठरते. सिंथच्या ऑसिलेटरमध्ये साइन, सॉटूथ, स्क्वेअर, ट्रँगल अशा लहरी निवडता येतात. साइनमध्ये एकच, मूळ सूर, बाकी काही नाही, म्हणून तो शीळ घातल्यासारखा. सॉटूथमध्ये सगळे हार्मोनिक असतात, दुसरा निम्म्या जोराचा, तिसरा एक तृतीयांश, असे उतरत जातात, म्हणून तो भरलेला, करवतीसारखा. स्क्वेअरमध्ये फक्त विषम, १, ३, ५, ७, म्हणून तो पोकळ, लाकडी, बँडवाल्यांच्या क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांसारखा. ट्रँगलमध्ये पण विषमच पण इतके लवकर बारीक होतात की जवळजवळ साइनच.

क्लॅरिनेट आणि स्क्वेअरचं हे साम्य उगाच नाही. क्लॅरिनेटची नळी सरळ, सारख्या जाडीची असते आणि तोंडाकडून बंद, तशा नळीत विषम हार्मोनिक जास्त घुमतात. सनई बघ, ती वरून खाली रुंद होत जाते, शंकूसारखी, आणि शंकूच्या नळीत सम-विषम सगळे घुमतात. म्हणजे सनईसाठी स्क्वेअर घेऊन तू कितीही नॉब फिरव, ती क्लॅरिनेटच होणार. तुझा जो प्रीसेट बुवांना पेटी वाटला त्यात आधी हेच बघ, ऑसिलेटर कुठला आहे.

मी सनईला पल्स घेतो. पल्स म्हणजे स्क्वेअरच, पण वर किती वेळ आणि खाली किती वेळ हे प्रमाण बदलता येतं. ५० टक्क्यांवर तो स्क्वेअर असतो, सम हार्मोनिक गायब. २५ टक्क्यांवर चौथा, आठवा, बारावा गायब. २० टक्क्यांवर पाचवा, दहावा. जितका अरुंद करशील तितका नाकातला आवाज येतो, आणि सनई नाकातलीच. सर्जच्या क्लासिक ऑसिलेटरमध्ये शेप आणि विड्थ १ असे स्लायडर आहेत, शेप पल्सकडे नेऊन विड्थ १ हळूहळू कमी कर आणि कान दे, साधारण १५ ते २० टक्क्यांच्या आसपास एका जागी "अरे ही तर पत्ती", म्हणजे सनईच्या तोंडाची फुंकेनं हलणारी पात, असं वाटतं. तिथे थांब.

फिल्टरबद्दल एक हिशोब सांगतो म्हणजे आकडे नुसते आकडे राहणार नाहीत. फिल्टरवर १२ डीबी, २४ डीबी लिहिलेलं असतं, ते दर ऑक्टेव्हला किती कापतो ते. समजा कटऑफ १००० हर्ट्झला आणि फिल्टर २४ डीबीचा, तर २००० हर्ट्झचा हार्मोनिक सोळाव्या हिश्श्यावर येतो, ४००० चा आणखी सोळाव्या. म्हणजे एकदम दार बंद होत नाही, उतरण असते. १२ डीबीवाला हलकी उतरण देतो, जास्त मोकळा वाटतो, सनईला तोच घे. रेझोनन्स वाढवलास की कटऑफच्या जागी एक टेकडी तयार होते, फार वाढवलास तर फिल्टर स्वतःच शीळ घालायला लागतो, हे बऱ्याच सिंथमध्ये होतं, हेडफोन लावून करू नको, कान जाईल.

आणि सनईला एक गोष्ट लागते जी बहुतेक ट्युटोरियलमध्ये कोणी सांगत नाही. खऱ्या वाद्याच्या आवाजात काही पट्टा कायम उठून असतो, सूर कुठलाही वाजव. गळ्याचं तसंच, आ आणि ई यातला फरक म्हणजे कुठला पट्टा उठलाय त्याचा फरक. याला फॉर्मंट म्हणतात. सिंथमध्ये फिल्टरला की-ट्रॅकिंग असतं, म्हणजे वरचा सूर दाबला की कटऑफ पण वर सरकतो. लीड आणि बेसला ते बरं पण फॉर्मंटसाठी ते पूर्ण बंद पाहिजे, कारण वाद्याचं लाकूड आणि पुढचा प्याला काही सुराप्रमाणे लहानमोठा होत नाही. तर दुसरा फिल्टर घे, बँड-पास (मधला पट्टाच सोडणारा) किंवा सरळ इक्यूची (पट्टे कमीजास्त करणाऱ्या इफेक्टची) एक टेकडी, माझ्या कानाला सनईसाठी १ ते ३ किलोहर्ट्झच्या मध्ये कुठेतरी पटते, की-ट्रॅकिंग शून्य. हे केल्यावर खालचा पंचम आणि वरचा सा एकाच वाद्यातून आल्यासारखे वाटतात, नाहीतर वर गेलं की खेळण्यातली पिपाणी होते.

इथपर्यंत केलंस तरी ती सनई नाही, सनईच्या रंगाची पेटीच. कारण पेटीवर पट्टी दाबली की सूर जागच्या जागी हजर, सोडला की गेला, आणि सा वरून ग वर जायचं तर मधलं काही नाही, उडी. सनईवाला असं कधीच वाजवत नाही.

कान वाद्य ओळखतो ते बरंचसं पहिल्या काही मिलिसेकंदांत. पटत नसेल तर पियानोचा एक सूर रेकॉर्ड कर आणि पहिला अर्धा सेकंद कापून टाक, उरलेलं कोणाला ऐकवलंस तर पियानो म्हणून चटकन ओळखणार नाही. १९८७ साली रोलँड कंपनीचा डी-५० सिंथ आला तो याच गोष्टीवर चालला. तेव्हा मेमरी महाग होती, आख्खा सूर साठवणं परवडत नव्हतं, तर त्यांनी खऱ्या वाद्यांची फक्त सुरुवात सॅम्पल करून घातली आणि पुढचा लांब भाग सिंथनं बनवला, आणि कान फसला. तुझ्याकडे मेमरीचा प्रश्न नाही पण युक्ती तीच वापर.

सनईच्या सुरुवातीला काय होतं? फुंक आधी येते, सूर मागून. पत्ती हलायला लागते तेव्हा सूर थोडा खाली असतो, मग जागेवर चढतो. म्हणून तीन एन्व्हेलप लागतील. आवाजाचा: अटॅक (चढायचा वेळ) ३० ते ५० मिलिसेकंद, डिके (मग खाली बसायचा वेळ) नाममात्र, सस्टेन (धरलेली पातळी) जवळजवळ पूर्ण, रिलीज (सोडल्यावर विरायचा वेळ) ८० च्या आसपास. सुराचा: ४० सेंट खालून सुरू होऊन ६०-७० मिलिसेकंदात शून्यावर, सेंट म्हणजे एका अर्ध्या सुराचा शंभरावा भाग, म्हणजे हे इतकं कमी आहे की वेगळं ऐकू येत नाही, नुसतं "फुंकलं" असं वाटतं. फार ठेवलंस तर मांजर. आणि तिसरा, नॉइजचा: गाजेतला तोच नॉइज घे, हाय-पास लाव, फक्त पहिल्या ५० मिलिसेकंदात येऊन जाईल असा, मग पुढे अगदी जेमतेम चालू ठेव.

मग कंप. एलएफओ ५ ते ६ हर्ट्झ, सुराला जोडलेला, १५-२० सेंट. पण तो सुराबरोबर सुरू झाला की संपलं, सगळी मेहनत वाया, लगेच स्वस्तातला कीबोर्ड वाटतो. एलएफओला डिले असतो, तो ३००-४०० मिलिसेकंद ठेव, म्हणजे छोटे सूर सरळ जातील आणि धरलेल्या सुरावरच कंप येईल. त्याहून बरं म्हणजे कंपाची खोली मॉड व्हीलला (कीबोर्डवरच्या फिरवायच्या चाकाला) जोड आणि डाव्या हातानं वाजव. त्याच व्हीलला कटऑफ पण थोडा जोड, कारण सनईवाला जोर लावतो तेव्हा आवाज नुसता मोठा होत नाही, उजळतो पण.

आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. सिंथ मोनो कर, म्हणजे एका वेळी एकच सूर वाजेल, लेगाटो चालू कर, म्हणजे आधीची पट्टी न सोडता पुढची दाबलीस तर नवीन सुरुवात होणार नाही, सूर वाहत जाईल. ग्लाइड (घसरायचा वेळ) ६० ते ९० मिलिसेकंद, आणि फक्त लेगाटोत लागेल असा पर्याय असतो तो चालू. मोठ्या मींडीला पिच बेंड, म्हणजे सूर वरखाली ओढायची सोय. बेंडची रेंज बहुतेक ठिकाणी दोन अर्ध्या सुरांची असते, ती सुरुवातीला तशीच ठेव, बारा करून ठेवलीस तर जरा बोट हललं की बेसूर. हे हाताला बसायला महिना जातो. पॅच बनवायला एक संध्याकाळ पुरते.

सनईच्या बाजूला सूर धरणारा एक असतो तो विसरू नको. दुसऱ्या ट्रॅकवर हाच पॅच, कंप बंद, फिल्टर थोडा बंद, नुसता षड्ज. त्यानं अर्धा कमीपणा झाकला जातो.

या सगळ्यात एक माणूस सांगायला पाहिजे. १९८२ साली मुंबईत चरणजीत सिंग नावाच्या सिनेसंगीतातल्या वादकानं रोलँडचे टीबी-३०३ (बेसचं यंत्र), टीआर-८०८ (तालाचं यंत्र) आणि ज्युपिटर-८ (सिंथ) घेऊन राग वाजवले होते, रेकॉर्ड काढली. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय आहे, मूळ यंत्र बेस गिटारच्या जागी साथीला वाजावं म्हणून केलेलं, पण त्या घसरणीतून मींडीचा भास होतो हे या माणसाला ऐकू आलं. पुढे अनेक वर्षांनी ती रेकॉर्ड जगभर गाजली. आपल्याकडे हे लोकांना माहीत नसतं आणि मग म्हणतात सिंथमध्ये राग कुठे बसतो.

एफएम आणि वेव्हटेबल या आवाज बनवायच्या आणखी दोन पद्धतींबद्दल पण विचारलंयस, ते पटकन सांगतो, कारण तुझ्या कामाला आत्ता लागणार नाही. एफएम म्हणजे एका लहरीनं दुसरीचा सूर वेगानं हलवायचा. त्याची गंमत अशी, की जॉन चाउनिंग स्टॅनफर्डला १९६७ साली कंपाचे प्रयोग करत होते, कंप वेगवान करत गेले आणि एका वेगाच्या पुढे कंप ऐकू येईनासा होऊन आवाजाचा रंगच बदलला. तू पण करून बघ, वर सांगितलेला ५ हर्ट्झचा कंप ज्या सिंथमध्ये जातो तिथे १००-२०० हर्ट्झपर्यंत ने, त्याची खोली पण वाढवत. यामाहानं ते लायसन्स घेऊन १९८३ ला डीएक्स७ सिंथ काढला, सहा ऑपरेटर (एकमेकांना हलवणारे ऑसिलेटर), बत्तीस जोडण्या. घंटा, झांज असले धातूचे आवाज एफएममध्ये सुरेख होतात, फुकटात डेक्स्ड घे, तो डीएक्स७ सारखाच चालतो. वेव्हटेबल म्हणजे एकच लहर न ठेवता एकामागे एक अशा अनेक लहरींची चळत ठेवायची आणि वाजताना त्यातून सरकायचं, व्हायटल त्यावरच आहे. परत तेच बघ, सरकणं महत्त्वाचं, एका जागी थांबवलीस तर ती साधी लहर.

आता लॅपटॉप. सॉफ्टवेअर सिंथमध्ये खरी तार, खरी पत्ती, खरा करंट काही नाही, सेकंदाला ४४,१०० आकडे काढून साऊंड कार्डाला द्यायचे एवढंच काम. ते आकडे गठ्ठ्यानं देतात, त्या गठ्ठ्याला बफर म्हणायचं. २५६ चा बफर म्हणजे ५.८ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २३. हवेत आवाज मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे १०२४ वर वाजवणं हे आठ मीटर लांबच्या स्पीकरवर वाजवण्यासारखं, ढोलकीवाल्याबरोबर जमणारच नाही, तू मागे पडतोयस असं सगळ्यांना वाटेल आणि तुला कळणार नाही का. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर (आवाज उशीर न करता बाहेर काढणारा) टाक, बफर २५६ वर आण, कडकड यायला लागली तर पॅच हलका कर. पॅच जड कशानं होतो बघ: युनिसन (एका सुरासाठी एकावर एक लावलेल्या प्रती) आठ, ऑसिलेटर दोन, आणि तू चार सुरांचा कॉर्ड दाबलास, झाले चौसष्ट ऑसिलेटर. सनई मोनो आहे, तिला युनिसन लागतच नाही, एकच माणूस फुंकतोय.

अजून एक, वरच्या सप्तकात कधी कधी बारीक बेसूर किणकिण येते, ती तुझी चूक नाही. सेकंदाला ४४,१०० आकडे असले तर जास्तीत जास्त २२,०५० हर्ट्झपर्यंतच आवाज मांडता येतो. तू २०९३ हर्ट्झचा वरचा सूर सॉटूथवर वाजवलास तर त्याचा पंधरावा हार्मोनिक ३१,३९५ वर जायला पाहिजे, तिथे जागाच नाही, तर तो परत फिरून १२,७०५ ला येऊन पडतो आणि तिथे त्या सुराचं नातं कोणाशीच नाही. याला एलियासिंग म्हणतात. ओळखायची खूण सोपी, पिच बेंड वर ने, सूर वर जाताना आत काहीतरी खाली घसरताना ऐकू आलं तर तेच. चांगले सिंथ हे आतल्या आत बरंच आवरतात, काहींमध्ये ओव्हरसॅम्पलिंगचा (सेकंदाला जास्त आकडे काढायचा) पर्याय असतो, रेकॉर्डिंगला लाव, लाइव्हला राहू दे, तिथे झांजेपुढे कोणाला ऐकू येतंय.

टेम्पोवर आवाज गायब होतो त्याचं कारण मी स्वतः भोगलंय. एका विसर्जनाला मी एक जबरदस्त लीड घेऊन गेलो, हेडफोनवर डोक्याच्या दोन्ही बाजूंनी अंगावर येणारा. मिरवणूक सुरू झाली, मी पट्ट्या दाबतोय, बोटं चालतायत, बाहेर काही नाही. ढोलवाला वळून विचारतो, "मास्तर, आवाज खंय गेलो?" मी केबल बदलली, मिक्सरचा चॅनल बदलला, शेवटी प्रीसेट बदलला तेव्हा आवाज आला आणि तोवर पहिलं गाणं संपलं होतं. घरी येऊन बघितलं तर त्या प्रीसेटच्या शेवटी आवाज रुंद करणारा एक इफेक्ट होता, तो डावीकडचीच लहर उलटी करून उजवीकडे देत होता. हेडफोनवर दोन कान वेगळे, म्हणून भव्य वाटतं. टेम्पोवर साऊंडवाला डावं-उजवं एकत्र करून एकच लाइन घेतो, तिथे एक वर तर दुसरी खाली, बेरीज शून्य. तेव्हापासून मी पॅच बनवतानाच मास्टरला मोनोचं (इथे मोनो म्हणजे डावं-उजवं एकत्र) बटण दाबून ठेवतो. तुझा गायब होणारा आवाज आधी असाच मोनो करून ऐक, दहापैकी आठ वेळा चोर तिथेच सापडेल.

उरलेल्या दोन वेळा भोंगा. भोंग्यातून २००-३०० हर्ट्झच्या खाली फारसं काही बाहेर येत नाही. साइनचा खोल बेस घरी काच हलवतो आणि भोंग्यावर मेलेला असतो. पण त्याला औषध आहे. ५५ हर्ट्झचा बेस सॉटूथवर वाजव, थोडं डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा इफेक्ट) टाक, आता भोंग्यातून ५५ येणार नाही पण २७५, ३३०, ३८५ येतील, त्यांच्यातलं अंतर ५५, आणि कान त्या अंतरावरून खालचा सूर आपणच लावून घेतो. रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) मात्र टेम्पोवर पूर्ण बंद, रस्त्यावर घरांच्या भिंती तो फुकट देतात.

आणि सीझनला लॅपटॉपवर सिंथ लाइव्ह चालवायचा हट्ट करू नको, निदान पहिल्या वर्षी. आपल्याकडची हवा, खारं वारं, मध्येच सर येते, जनरेटर मध्येच धापा टाकतो. सनईच्या पॅचचे सूर तीन-तीन पट्ट्यांच्या अंतरानं वेव्ह फाइल करून ठेव, कंप न लावता, आणि सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेले सूर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) भर, कंप, ग्लाइड आणि बेंड तिथे हातानं. लॅपटॉपला निम्मं काम पडतं.

पॅच झाला की मला रेकॉर्ड करून पाठव, पण गाणं नको. एक सा दहा सेकंद धरलेला, आणि सा वरून ग वर जाऊन परत आलेला, एवढंच. मोनोमध्ये.